एका मार्काची यमुना

मराठीतली पहिली कादंबरी कोणती? ‘यमुनापर्यटन’. लेखक कोण? बाबा पदमनजी. साल? 1857. उत्तर बरोबर. एक मार्क पदरात पडला आणि विषय संपला.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगतील. पण त्या यमुनेचं पुढे काय झालं, हे मराठीत एम.ए. झालेल्या किती जणांना सांगता येईल?

विचारून बघा. ओळखीत एखादा एम.ए. असेलच.

यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली. नवरा विनायक तिचं म्हणणं ऐकून घेणारा. दोघं प्रवासाला निघतात, आणि जिथे जावं तिथे कुणी ना कुणी विधवा भेटते. पुस्तकाच्या नावाचा उत्तरार्धच मुळी हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण असा आहे. परीक्षेत तो उत्तरार्ध विचारत नाहीत.

पदमनजी पुरुष. परक्या घराच्या माजघरात त्यांना कोण घेणार? त्यांनी यमुनेला आत पाठवलं. ती बसते, विचारते, ऐकते. न्हाव्यापुढे बसवलेल्या बायका, एका वेळच्या जेवणावर कोपऱ्यात ढकललेल्या मुली. बाहेर ओसरीवर शास्त्रीमंडळी पुनर्विवाहाला शास्त्राधार आहे की नाही यावर घसा कोरडा करत होती. आत काय चाललंय, याची खबर मराठी कादंबरीने बाहेर आणली. आणि तीही जन्मल्या जन्मल्या.

विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. कादंबरी पुढच्याच वर्षीची. आज कुणी इतक्या ताज्या विषयाला हात घातला तर आपण त्याला सत्कार, शाल, श्रीफळ सगळं देतो.

पदमनजींना काय दिलं? तळटीप.

कारण उघड आहे. विनायक मरतो, यमुनेवरच वैधव्य येतं, केशवपनाचं संकट तिच्या डोक्यावर येऊन ठेपतं. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. इथे समीक्षकांच्या कपाळाला आठी पडते. प्रचारकी! धर्मांतराचं पत्रक! शिक्का बसला, फाइल बंद.

शेवट प्रवचनाचा आहे, यात वादच नाही. कथानक विरळ आहे, माणसं बोलता बोलता व्याख्यान देऊ लागतात. पदमनजींना विधवांचं दुःख सांगायचं होतं आणि आपला धर्मही सांगायचा होता. त्यांनी ते लपवलं नाही. पण मराठीत प्रवचन न करणारा कादंबरीकार त्या शतकात दाखवा की एक! आणि पुढच्या शतकाचं काय? ‘श्यामची आई’ रात्रीमागून रात्र संस्कार सांगते, आपण डोळे पुसत वाचतो. खांडेकरांचा ध्येयवाद पानापानावर उपदेश करतो, आपण त्याखाली पेन्सिलीने रेघा मारतो.

उपदेश आपल्याला चालतो. फक्त तो आपल्या घरातला हवा.

गंमत पुढेच आहे. 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. नायिकेचं नाव काय? यमुना. लाडाने यमू. तीही विधवा होते, तिच्याही केसांवर वस्तरा फिरतो. तेहेतीस वर्षांनी तेच नाव, तेच दुःख, तोच न्हावी.

हरिभाऊंची यमू कितीतरी सरस आहे. तिचा आवाज आजही कानात राहतो. पण थोरल्या बहिणीला ओळख न देता धाकटीचे गोडवे गाणं, हा कुठला न्याय?

मधल्या काळात काय झालं तेही बघा. 1861 मध्ये ‘मुक्तामाला’ आली आणि मराठी कादंबरी अद्भुतात शिरली. राजपुत्र, कपटी मंत्री, ताटातूट, शेवटी भेट. 1871 मध्ये गुंजीकरांचं ‘मोचनगड’ आलं आणि इतिहासाचा दरवाजा उघडला. या सगळ्यांच्या आधी एक माणूस आजूबाजूच्या घरात वाकून बघून गेला होता. तो ख्रिस्ती झालेला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि हा ख्रिस्ती होणारा माणूस कोण? बेळगावचा. जन्म 1831. मुंबईत शिकताना परमहंस मंडळीत बसणारा. ही मंडळी जातिभेद मोडायला निघाली होती. बैठक गुप्त, दार बंद, आणि आत ख्रिश्चनाच्या हातचा पाव खायचा. क्रांती झाली, तोंड पुसून सगळे आपापल्या घरी. पुढे सभासदांची नावं फुटणार असं दिसताच मंडळीची पांगापांग झाली.

पदमनजींना बंद दाराआडचा पाव पचला नाही. 1854 मध्ये त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. घर, नातीगोती, जातीतलं स्थान, सगळ्याची किंमत चुकवली. त्यांनी निवडलेला मार्ग तुम्हाला पटो न पटो. उघड्यावर जगण्याची किंमत तरी मोजाल की नाही?

धर्म बदलला, भाषा बदलली नाही. 1860 मध्ये ‘शब्दरत्नावली’ हा मराठी शब्दकोश. 1863 मध्ये मोल्सवर्थच्या अवाढव्य कोशाची आटोपशीर आवृत्ती. आत्मचरित्र ‘अरुणोदय’. नियतकालिकांचं संपादन. लहानमोठी शंभराच्या वर पुस्तकं. पाळकाची नोकरी बाजूला ठेवून हा माणूस 1906 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत मराठी लिहीत राहिला.

एवढं करून त्यांच्याच माणसांना आज कुणीतरी म्हणतं, ‘अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता!’

वसईच्या, नगरच्या, जालन्याच्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाला विचारा. हे वाक्य त्याने ऐकलेलं असतं. बोलणाऱ्याला ती स्तुती वाटते. ऐकणारा हसून सोडून देतो. किती पिढ्या हसायचं?

नगरचंच घ्या. 1862 मध्ये तिथे कृपाबाई जन्मली. वडील हरिपंत खिस्ती, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. मुलगी बुद्धीने तेज, तब्येतीने नाजूक. डॉक्टर होण्यासाठी मद्रास मेडिकल कॉलेजात गेली, प्रकृतीने साथ दिली नाही. मग तिने लिहायला घेतलं. इंग्रजीत. ‘सगुणा’ आणि ‘कमला’. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय बायकांमध्ये तिचं नाव घेतात. 1894 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ती गेली.

‘सगुणा’ म्हणजे जवळपास तिचीच कहाणी. त्यातही खरी जागा पहिल्या भागात आहे, आईवडिलांच्या हकिकतीत. नवऱ्याने धर्म बदलला. बायकोने काय बदलायचं? तिचा देव, तिचं सोवळं, तिचं माहेर, हे कुणी विचारलं? त्या तरुण बायकोची घालमेल एका ख्रिस्ती मुलीने, आपल्याच आईकडे बघत लिहिली. धर्मांतराचा विजयोत्सव नाही, त्यात घरातल्या बाईचं काय होतं त्याचा हिशेब आहे. साहेबाची नक्कल करणाऱ्या स्वतःच्या समाजालाही तिने सोडलं नाही, आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या तोऱ्यालाही.

‘कमला’मध्ये तर नायिका हिंदू बालवधू. ख्रिस्ती लेखिका, हिंदू घर, आणि सहानुभूतीत काडीची खोट नाही. अशी बाई नगरची म्हणून नगर तिचं काय करतं? किती मराठी घरांत तिचं नाव तरी माहीत आहे?

सत्यनादन आडनाव लागलं, मद्रासेत राहिली, इंग्रजीत लिहिलं, म्हणून ती परकी झाली. तेच अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला कसलंही पदक मिळू दे, पहिल्या पानावर आपण त्याचं मूळ गाव छापतो!

गोव्याकडेही बघा. फ्रान्सिस्कु लुईश गोमिश, नावेलीचा. 1866 मध्ये पोर्तुगीज भाषेत भारतावर कादंबरी लिहितो, ‘ओस ब्राह्मनेस’. बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ एकच वर्ष आधीची. एदुआर्द जुझे ब्रुनो द सौझा 1889 मध्ये कोकणीतलं पहिलं नियतकालिक सुरू करतो, आणि कुठून? पुण्यातून. पुढे कोकणीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ‘क्रिस्तांव घराबो’ याच गृहस्थाची. तमिळमध्ये पहिली कादंबरी कुणाची? मायूरम वेदनायकम पिल्लै यांची. कॅथलिक.

भारतीय भाषांच्या कादंबरीच्या पायाशी जागोजागी ख्रिस्ती माणूस उभा आहे. इमारतीच्या पाटीवर मात्र त्याचं नाव शोधावं लागतं.

बरं, बाहेरचे शिक्के मारतात. घरचे तरी पाठ थोपटतात?

नाव नको.

ग्रॅहम ग्रीनची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ 1940 ची. मेक्सिकोत चर्चवर बंदी, पाद्री जिवाच्या भीतीने पळतोय. हा नायक दारूडा. त्याला एक मूलही आहे. भित्रा आहे. तरी मरणाऱ्या माणसाने बोलावलं, की सापळा आहे हे ओळखूनही तो परत फिरतो. आणि गोळी खातो. संताचं इतकं खरं चित्र क्वचितच कुणी काढलं असेल.

चर्चला काय दिसलं? बाटली.

1950 च्या दशकात व्हॅटिकनच्या कार्यालयाने लंडनच्या कार्डिनलमार्फत नापसंती कळवली. पुस्तकात बदल करा म्हणाले. ग्रीनने नम्रपणे कळवलं, हक्क प्रकाशकांकडे आहेत. 1965 मध्ये पोप सहावे पॉल त्याला भेटले. त्यांनी ती कादंबरी वाचलेली होती. काही जणांना ती खटकणारच, तुम्ही मनावर घेऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. कार्यालयाला जे कळलं नाही ते पोपला कळलं. पण तोवर पंचवीस वर्षं गेली.

जपानच्या शुसाकु एन्दोची ‘सायलेन्स’ 1966 ची. सतराव्या शतकातला पोर्तुगीज जेझुइट गोवा आणि मकाव करत जपानला पोचतो. तिथे ख्रिस्ती शेतकऱ्यांना खड्ड्यावर उलटं टांगलेलं. पाद्र्याला सांगितलं जातं, येशूच्या प्रतिमेवर पाय ठेव, हे सुटतील. तो पाय ठेवतो. जपानच्या साहित्यविश्वाने पुस्तकाला तानिझाकी पुरस्कार दिला. कितीतरी जपानी कॅथलिकांना मात्र ते रुचलं नाही. एका हाताने हार, दुसऱ्या हाताने कान धरला.

टॉल्स्टॉयची गोष्ट आणखी पुढची. ‘रिझरेक्शन’ 1899 ची. तिची कमाई त्याने दुखोबोर नावाच्या छळ झालेल्या ख्रिस्ती पंथाला कॅनडात नेऊन वसवायला दिली. दोन वर्षांत रशियन चर्चने त्याला बहिष्कृत केलं. येशूचं म्हणणं शब्दशः पाळायला निघालेला लेखक चर्चला नको होता.

आता अमेरिकेत या. तिथे ख्रिस्ती कादंबरीची स्वतंत्र बाजारपेठच आहे. प्रकाशक वेगळे, दुकानं वेगळी, पुरस्कार वेगळे. आणि नियमही वेगळे. शिवी नको, शय्यागृहाचं दार लोटलेलं हवं, शेवटाला कुणीतरी देवाकडे वळायला हवं. खपाचं विचाराल तर टिम लाहे आणि जेरी जेंकिन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’ मालिका 1995 पासून सोळा पुस्तकांपर्यंत गेली, खप सहा कोटींच्या वर. जगाचा अंत इतका चांगला विकला जातो.

पण वेगळी बाजारपेठ म्हणजे वेगळी वस्तीच. बाहेरचा वाचक आत येत नाही, आतला लेखक बाहेर पडत नाही. 2019 मध्ये ‘लाइफवे’ या ख्रिस्ती पुस्तकदुकानांच्या मोठ्या साखळीने आपली 170 दुकानं बंद करायची ठरवली. मग त्या लेखकाने जायचं कुठे?

विल्यम पॉल यंग या माणसाचं उदाहरण तर पाठ करून ठेवावं असं. त्याने आपल्या मुलांसाठी एक गोष्ट लिहिली. मुलगी गमावलेल्या बापाला एका झोपडीत देव भेटतो, अशी. नाव ‘द शॅक’. ख्रिस्ती प्रकाशक म्हणाले, जरा जास्तच धीट आहे. इतर प्रकाशक म्हणाले, येशू जरा जास्तच आहे.

दोन्ही दारं एकाच पुस्तकासाठी बंद.

मग मित्रांनी मिळून 2007 मध्ये ते स्वतःच छापलं. जाहिरातीला जेमतेम तीनशे डॉलर. तोंडातोंडी खपत खपत प्रती कोटीवर गेल्या. सुख इथेच संपलं. पुस्तकात देवबाप एका कृष्णवर्णीय बाईच्या रूपात येतो, म्हणून पाखंडाचा आरोप झाला. आणि ज्या मित्रांनी पुस्तक काढलं त्यांच्याशी मानधनावरून कोर्टकज्जा झाला. चढ आणि उतार एकाच पुस्तकात.

फ्लॅनरी ओ’कॉनरने या भानगडीत पाऊलच टाकलं नाही. जॉर्जियातली कॅथलिक, आजूबाजूला सगळे प्रॉटेस्टंट. ल्युपसचा आजार, कुबड्या, आईच्या शेतावर मुक्काम, मोर पाळलेले. रोज सकाळी लिहायचं. ‘वाइज ब्लड’ 1952 ची. नायक काय करतो? ख्रिस्त नसलेलं चर्च काढतो! भोंदू उपदेशक, खुनी, तिरसट म्हाताऱ्या, हीच तिची माणसं. धर्मप्रेमी वाचकांना हवा असलेला गोडवा तिने कधी दिला नाही. 1964 मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली. प्रवचन एक नाही, आणि देवाशी झटापट मात्र पानोपानी.

बाईने कुणाची परवानगी मागितली नाही. हा सगळ्यात मोठा धडा.

आता पुन्हा इकडे. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे. संमेलनाची परंपरा 1878 पासूनची, आणि अध्यक्षपदी ख्रिस्ती धर्मगुरू पहिल्यांदाच. निवड एकमताने झाली. लगेच धमकीचे फोन सुरू झाले. या माणसाने हयातभर मराठीत लिहिलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरून लढा दिला, ‘सुबोध बायबल’सारखं काम उभं केलं. त्यांच्या मराठीपणाचा दाखला मागणारे स्वतः वर्षाला किती मराठी पुस्तकं विकत घेतात?

ते कादंबरीकार नव्हते. म्हणूनच प्रश्न जास्त टोचतो. ललित गद्य लिहिणाऱ्या, सर्वधर्म समभावाने बोलणाऱ्या फादरना एवढा त्रास, तर उद्या एखाद्या ख्रिस्ती पोराने घरातलं, चर्चमधलं, गावातलं सगळं उघडं करणारी कादंबरी लिहिली, तर त्याच्या मागे कोण उभं राहील?

बाहेरचे म्हणतील, धर्मप्रचार. आतले म्हणतील, बदनामी. शेजारच्या काकू विचारतील, ‘फादरना दाखवलंस का रे आधी?’

आणि लिहायला विषय काय कमी आहेत?

नगर जिल्ह्यातला दलित ख्रिस्ती घ्या. आजोबांनी धर्म बदलला. गाव त्याची जात विसरलं नाही. सरकार मात्र लगेच विसरलं. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर. गावकुसाला जात दिसते, तहसील कचेरीत ती दिसत नाही. काही घरांत म्हणून दोन नावं असतात. एक चर्चच्या रजिस्टरला, एक शाळेच्या दाखल्याला. मुलाने कुठल्या नावाने हाक मारल्यावर वळून बघायचं?

एवढ्या एका प्रश्नावर चारशे पानांची कादंबरी होते. कुणी लिहिली की तिला ‘दलित’ म्हणायचं की ‘ख्रिस्ती’, यावर आपण चर्चासत्र घेऊ. वाचणार कोण?

वसई घ्या. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. चर्चच्या घंटा उतरल्या आणि देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. घंटा गेल्या, माणसं तिथेच राहिली. मराठ्यांच्या राज्यात, ख्रिस्ती म्हणून, आपापल्या वाडीत. केळी, पानवेल, विहीर, रहाट. त्या माणसांनी त्या दिवशी काय पाहिलं? मोहिमेवर आपल्याकडे बखरी आहेत, पोवाडे आहेत, पुतळे आहेत. वाडीतल्या त्या बाईच्या बाजूने एक तरी मोठी कादंबरी?

त्याच वाडीवर आता टॉवर उभे राहताहेत. जमीन विकणारा भाऊ आणि न विकणारा भाऊ रविवारी एकाच बाकावर मिस्साला बसतात. सामवेदी ख्रिस्ती घरातल्या मुलीने वाडवळ ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरवलं की चर्च हो म्हणतं, आणि आजी? धर्म बदलला, पंगत बदलली नाही. हे सगळं आतल्या माणसानेच लिहायला हवं. बाहेरचा लिहील तर टवाळी होईल.

टवाळी तर वर्षानुवर्षं चालूच आहे. सिनेमात, नाटकात ख्रिस्ती पात्र आलं की हातात बाटली, तोंडात मोडकं मराठी, बाई असेल तर फ्रॉक. लाखो मराठी ख्रिस्ती बायका नऊवारी नेसून जगल्या आणि गेल्या. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घरोघर वाचलेल्या समाजाला हे सांगायला लागावं?

‘स्मृतिचित्रे’ आपण डोक्यावर घेतलं, ही आपली जमेची बाजू. मान्यच. बाईंनी खरं लिहिलं, हसत लिहिलं, नवऱ्याच्या धर्मांतराने झालेली होरपळही लिहिली, आणि मराठी वाचक त्यांच्या पायाशी बसला. वाचकाला अडचण नव्हती, नाही. अडचण दारावर बसलेल्या तपासनिसांची आहे. ‘आत्मचरित्र लिहा, तुमच्या रूढी सांगा, सणवार सांगा’ इथपर्यंत ते ख्रिस्ती लेखकाला आत सोडतात. कादंबरी घेऊन आला की तपासणी सुरू.

डिसेंबरचे फोन आठवा. अंकाला, पुरवणीला, वाहिनीला ख्रिस्ती लेखक हवा असतो तो 20 डिसेंबरच्या आसपास. ‘नाताळवर काहीतरी द्या ना, सातशे शब्द, केकची आठवण वगैरे.’ वर्षभर हा माणूस शिक्षक असतो, बँकेत असतो, कथा लिहीत असतो, कादंबरीच्या तिसऱ्या खर्ड्यावर अडलेला असतो. त्याबद्दल फोन नाही. खांडेकरांना कुणी संक्रांतीलाच फोन करत होतं का?

चर्चकडेही बोट दाखवायलाच हवं. सभागृह आहे, छापखान्याची परंपरा आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 पासूनचं. एके काळी मराठी छपाईत मिशनची छपाई मातब्बर होती. आज चर्चबाहेरच्या पुस्तकांच्या टेबलावर काय असतं? प्रार्थनापुस्तक, संतचरित्र, कॅलेंडर. आपल्याच पोराने लिहिलेली कादंबरी तिथे ठेवायला कुणाची हरकत आहे? त्यात एखादा पाद्री चुकलेला दाखवला असेल, म्हणून? मग पेत्राने येशूला तीनदा नाकारलं ते शुभवर्तमानात कशाला ठेवलं?

तेव्हा लिहिणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे. खर्डा आधी पूर्ण करा. अर्धवट हस्तलिखित फादरना दाखवू नका, समीक्षकाला तर नकोच. पात्राला बाप्तिस्मा द्यायचा असेल तर द्या, त्याचा विश्वास उडाला असेल तर तसं लिहा. कुणी ना कुणी रागावणारच आहे. ग्रीनवर रागावले, एन्दोवर रागावले, तुम्ही कोण लागून गेलात?

आणि संपादक मंडळी, दिवाळी अंकाचं साहित्य जून-जुलैत मागवता ना? वसईला, नगरला, जालन्याला तेव्हाच फोन लावा. कथा मागा, कादंबरिका मागा, नाही आवडली तर साभार परत करा. नाताळच्या आठवणी मात्र यंदा मागू नका.